उचललेल्या भारासह फोर्कलिफ्ट चालवणे

फोर्कलिफ्टच्या काट्यांवर माल उंच धरून गाडी हलवणे. थप्पी लावताना किंवा रॅकवरून माल काढताना शेवटच्या हातभर अंतरात ते अटळ असते; एरवी ते टाळायचे असते. बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे, होनगा भागांतील फाउंड्री आणि मशीन शॉपमध्ये कास्टिंगचे, म्हणजे ओतीव भागांचे, बिन हलवताना हा प्रश्न रोज येतो.

मालासह जाताना काटे जमिनीपासून १५ ते २० सेंटिमीटर वर आणि मास्ट, म्हणजे काटे वर-खाली नेणारा उभा खांब, मागे झुकलेला असावा. गाडीला चाके चार असली तरी मागचा अ‍ॅक्सल मधोमध एकाच खिळीवर डुलतो. त्यामुळे गाडीचा भार पुढची दोन चाके व ही खिळी यांच्या त्रिकोणावर तोलला जातो. माल वर गेला की गाडी आणि माल यांचा एकत्रित गुरुत्वमध्यही वर सरकतो. मग थोडेसे वळण, खड्डा किंवा अचानक लावलेला ब्रेकही त्याला त्रिकोणाबाहेर ढकलायला पुरतो. रिकामी गाडी सुरक्षित, हा समज तर फारच घातक आहे. माल नसताना गुरुत्वमध्य मागे, म्हणजे त्रिकोणाच्या निमुळत्या टोकाकडे असतो. काटे वर ठेवून वेगात वळल्यास तीही आडवी होते.

गाडीवरच्या पाटीवर लिहिलेली क्षमता, उदाहरणार्थ ३ टन, सहसा काट्यांच्या उभ्या बाजूपासून ५०० मिलिमीटरवर मालाचा मध्य धरून दिलेली असते. लांबट कास्टिंगचा मध्य त्यापुढे जातो, तेवढी क्षमता घटते. ही पाटी बहुधा इंग्रजीत असते. मराठी आणि कन्नड बोलणारे कामगार एकाच शेडमध्ये राबतात, तिथे ती दोन्ही भाषांत समजावून सांगणे मालकाचे कामच आहे.

भरलेली गाडी चढावर पुढे तोंड करून चढवावी आणि उतारावर रिव्हर्समध्ये उतरवावी, म्हणजे माल कायम चढाच्या बाजूला राहतो. उतारावर वळू नये. मालाने समोरचे दिसत नसेल तर सपाटीवरही रिव्हर्समध्येच जावे. सांडलेली मोल्डिंगची वाळू आणि पावसाळ्यातले ओले यार्ड ब्रेकचे अंतर वाढवतात. उचललेल्या काट्यांखाली कोणालाही, हमालालाही, उभे राहू देऊ नये.

गाडी कलंडू लागली तर उडी मारू नये. उडी मारणारा अनेकदा गाडीच्याच छताच्या लोखंडी चौकटीखाली चिरडला जातो. सीटबेल्ट लावलेलाच ठेवावा, स्टिअरिंग घट्ट धरावे, पाय रोवावेत आणि गाडी पडते त्याच्या उलट बाजूला अंग झुकवावे.