जर्मनीचे दार आणि आपले आयटीआय

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. सुरुवातीला दहा हजार जणांना पाठवायचे ठरले. जालन्या-लातूरच्या आयटीआयमधल्या पोरांचे यात काय होणार, हे समजायला थोडे मागे जावे लागते.

माणसे कमी पडणे जर्मनीला नवे नाही. युद्धानंतर कारखाने वाढले, कामगार पुरेनात. मग १९५५ मध्ये इटलीशी, १९६१ मध्ये तुर्कस्तानशी करार करून ‘पाहुणे कामगार’ आणले. तेलसंकट आले आणि नोव्हेंबर १९७३ मध्ये भरती एका फटक्यात बंद झाली. तोवर सुमारे १.४ कोटी लोक येऊन त्यातले १.१ कोटी परतलेही होते. राहिलेल्यांना नीट भाषा शिकवायची सरकारी सोय व्हायला मात्र २००५ साल उजाडले! २००० मध्ये संगणक तज्ज्ञांसाठी वीस हजार ‘ग्रीन कार्डे’ काढली, तीही पाच वर्षांच्या मुदतीची. ती पुरती खपली नाहीत. पाच वर्षांसाठी कोण संसार हलवेल?

खरा बदल मार्च २०२० च्या कायद्याने झाला. पदवी नसलेल्या पण हातात कसब असलेल्यांना जवळपास सगळ्या व्यवसायांत वाट मिळाली. ‘आधी स्थानिक किंवा युरोपीय उमेदवार शोधा’ ही मालकावरची अटही गेली. अडचण उरली ती समकक्षतेची, म्हणजे आपले शिक्षण जर्मन शिक्षणाच्या तोडीचे असल्याचा दाखला मिळवण्याची. जर्मन प्रशिक्षण बहुधा तीन-साडेतीन वर्षांचे, त्यातला मोठा भाग प्रत्यक्ष कारखान्यात. आपला आयटीआय एक-दोन वर्षांचा.

मार्च २०२४ पासून ही अटही सैल झाली. मायदेशात मान्यता असलेले किमान दोन वर्षांचे शिक्षण, दोन वर्षांचा अनुभव आणि ठरलेल्या किमान पगाराची नोकरी असेल, तर बऱ्याच व्यवसायांत समकक्षतेचा दाखला लागत नाही. नर्सिंग यात बसत नाही. तिथे मान्यता सक्तीची आणि जर्मन भाषा बी-टू या वरच्या मध्यम पातळीपर्यंत यावी लागते. ऑक्टोबर २०२४ मध्ये जर्मनीने कुशल भारतीयांचे व्हिसा वर्षाला वीस हजारांवरून नव्वद हजारांवर नेण्याचे जाहीर केले.

आता आपल्याकडे बघा. फिटर, टर्नर, इलेक्ट्रिशियन हे ट्रेड दोन वर्षांचे, म्हणजे ते बसतात. वेल्डर आणि प्लंबर एक वर्षाचे. वाळूजच्या कंपनीत दहा वर्षे टॉर्च धरलेला, एक्स-रे तपासणीत ज्याचा जोड पास होतो, असा वेल्डर केवळ या एका वर्षापायी पुन्हा समकक्षतेच्या रांगेत जातो. हे मला अन्यायाचे वाटते. वेल्डरच्या ट्रेडला दुसऱ्या वर्षाची जोड द्या, ही मागणी करार करणाऱ्या राज्य सरकारनेच केंद्राकडे लावून धरायला हवी.