५८च्या आधी पेन्शन: नियम बदलले, अर्जाचा हिशेब बदलला

१६ नोव्हेंबर १९९५ला भविष्य निर्वाह निधीच्या (पीएफ) सभासदांसाठी कर्मचारी पेन्शन योजना सुरू झाली. त्याआधी १९७१ची कुटुंब पेन्शन होती, पण ती कामगाराच्या मागे राहिलेल्यांसाठी. नव्या योजनेत किमान १० वर्षे सेवा झालेल्या कामगाराला ५८व्या वर्षी स्वतःची पेन्शन मिळू लागली. नोकरी सुटली असेल, तर पन्नाशीनंतरही ती मागता येते. मात्र ५८ला जितकी वर्षे कमी, तितकी कपात, तीही कायमची. सुरुवातीला ही कपात वर्षाला ३ टक्के होती.

त्या काळी लवकर अर्ज करण्यामागे दुसरेही आकर्षण होते. पेन्शनचा एक तृतीयांश भाग विकून त्याच्या शंभरपट रक्कम एकदम घेता येई. म्हणजे ९०० रुपये पेन्शन असेल, तर ३०० सोडून ३०,००० हातात पडत आणि महिन्याला ६०० सुरू राहत. मुलीचे लग्न तोंडावर आलेल्या किंवा कर्ज फेडायचे असलेल्या माणसाला ही रक्कम मोठीच.

२६ सप्टेंबर २००८पासून ही विक्री बंद झाली आणि कपात ४ टक्क्यांवर गेली. ५८व्या वर्षी ३,००० रुपये बसणार असतील आणि ५६व्या वर्षीच अर्ज केला, तर २,७६० मिळतात. दोन वर्षांत ६६,२४० रुपये आधी हाती येतात, पण पुढे दरमहा २४० कमी. दोन्ही बाजू २३ वर्षांनी, म्हणजे वयाच्या ८१व्या वर्षी बरोबरीत येतात. ३ टक्क्यांच्या नियमात हेच वय ८९ होते. थोडक्यात, घाईची किंमत वाढली, तरी निव्वळ बेरजेत ती अजूनही फार जड नाही.

मग थांबावे की अर्ज करावा? माझ्या मते बेरीज इथे दुय्यम ठरते. कारखाना बंद पडल्यावर ५२व्या वर्षी घरी बसलेला माणूस ८१व्या वर्षाचा विचार करत नाही. किराणा कसा भरायचा ते पाहतो आणि पेन्शन मागण्याचा १०-डी फॉर्म भरतो. या पेन्शनला महागाई भत्ता नाही, त्यामुळे एकदा ठरलेला कमी आकडा म्हातारपणी अधिकच तोकडा पडतो. टक्का ठरवताना याच माणसाचा विचार आधी व्हायला हवा होता.

२०१६मध्ये उलट बाजूने सवलत आली: पेन्शन ६०व्या वर्षापर्यंत लांबवली, तर दरवर्षी ४ टक्के वाढ. तिचा फायदा मात्र ५८नंतरही ज्याची मिळकत चालू आहे, त्यालाच घेता येतो.