१०८ दारात आली की खिडक्या बंद, साथ आणि अँब्युलन्सची जुनी गोष्ट

एप्रिल २०२० मध्ये आमच्या बडोद्यातल्या दांडिया बझारातल्या काकांच्या छातीत दुखायला लागलं. काकूने ओवा दिला, सोडा दिला, पाठ शेकली, पण एकशे आठला फोन करायला काका तयारच होईनात, म्हणे गाडी दारात आली की अख्ख्या पोळेत, म्हणजे गल्लीत, बोभाटा होईल याला कोरोना झालाय, आणि एकदा आत नेलं की परत येईन कशावरून. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कसंबसं नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले अटॅक कालच येऊन गेलाय. वाचले, पण आता जिना चढायचा तर दोनदा थांबतात.

काका काही एकटे नव्हते हो. साथ आली की इमर्जन्सीत गर्दी उसळत असेल असं आपल्याला वाटतं, पण सुरुवातीला बरेचदा उलटंच होतं. २९ मार्च ते २५ एप्रिल २०२० या चार आठवड्यांत अमेरिकेत इमर्जन्सी विभागात येणारे लोक आदल्या वर्षीच्या त्याच सुमारापेक्षा ४२ टक्क्यांनी कमी होते. आता लॉकडाऊनमध्ये अपघात कमी झाले हे खरंय, पण हार्ट अटॅक काय लॉकडाऊन पाळतो का? इटलीत लोम्बार्डीच्या चार जिल्ह्यांत साथीच्या पहिल्या ४० दिवसांत हॉस्पिटलबाहेर हृदय बंद पडण्याच्या केसेस ५८ टक्क्यांनी वाढल्या, त्यातल्या बऱ्याच कोरोनाच्याच, पण सगळ्या नाहीत.

आणि ही भीती काही नवी नाही. १८९६ च्या प्लेगात मुंबईत लोक आजारी माणूस घरात लपवायचे, कारण हॉस्पिटलात नेलेला परत येत नाही हीच समजूत, त्या ऑक्टोबरात गिरणी कामगार आर्थर रोडच्या हॉस्पिटलवर चालून गेले होते. पुण्यात रँडच्या घरझडत्यांनी काय झालं ते आपल्या घरात आजीआजोबांपासून सगळे सांगतात. पेशंटला न्यायला येणारी सरकारी माणसं म्हणजे संकट, हे डोक्यात तेव्हापासून बसलंय.

त्यामानाने १०८ तशी कालचीच. २००५ मध्ये हैदराबादला सुरू झाली, गुजरातेत २९ ऑगस्ट २००७ ला आली. त्याआधी आमच्याकडे कुणाला काही झालं की रिक्षा नाहीतर शेजाऱ्याची गाडी, आणि थेट सयाजी हॉस्पिटल. फुकट गाडी येते, आत ऑक्सिजन असतो, शिकलेला माणूस असतो, हा विश्वास बसायला दहाएक वर्षं लागली, बायका बाळंतपणाला बिनधास्त बोलवायला लागल्या. पीपीई किट घातलेली माणसं गाडीतून उतरताना दिसली आणि तो महिनाभरात ढासळला.

मग दुसरी लाट, एप्रिल २०२१, आणि सगळं उलटं! आता हीच गाडी मिळेना. प्रत्येक फेरीनंतर गाडी सॅनिटाइझ करायची त्यात वेळ, पण खरा वेळ जायचा हॉस्पिटलच्या गेटवर, आत बेड नाही म्हणून पेशंट गाडीतच, आणि पेशंट गाडीत आहे तोवर ती गाडी दुसऱ्या कॉलला जाऊच शकत नाही. म्हणजे रोडवर गाड्या तेवढ्याच, पण कामाच्या कमी. अहमदाबादेत तर कोविड हॉस्पिटलात फक्त १०८ ने आणलेलाच पेशंट घ्यायचा असा नियम होता, स्वतःच्या गाडीने आलेला तडफडत बाहेर. हायकोर्टाने झापल्यावर महिनाअखेरीस तो निघाला.

त्या दिवसांत काकांनी स्वतःच १०८ लावली होती, काकूसाठी. बराच वेळ नुसती रिंगच वाजत राहिली, शेवटी समोरच्या दूधवाल्याच्या टेम्पोतून नेलं.