सेलाडॉनचं हिरवेपण आणि नकलांची परीक्षा

लोखंड गंजलं की तांबूस होतं. त्यामुळे सेलाडॉन या जुन्या चिनी भांड्यांवरची निळसर हिरवी झाकही लोखंडाचीच, हे चटकन पटत नाही. झिलईत, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या थरात, लोहाचं ऑक्साइड असतं जेमतेम एक ते तीन टक्के. भट्टीत हवा मोकळी खेळली तर भांडं पिवळट-तपकिरी निघतं. हवा कोंडली की लाकूड अर्धवट जळतं आणि त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड लोहाच्या ऑक्साइडमधला थोडा ऑक्सिजन ओढून घेतो. मग सुमारे १२०० ते १३०० अंश सेल्सिअसला वितळलेली झिलई हिरवट होते. हे सारं कुंभार तापमापकाशिवाय साधत होते!

झेजियांग प्रांतातल्या लाँगछ्वानच्या कारागिरांनी बाराव्या-तेराव्या शतकांत झिलईचे थरावर थर चढवले. त्या जाड थरात असंख्य सूक्ष्म बुडबुडे आणि न विरघळलेले स्फटिककण अडकून राहतात. प्रकाश त्यांच्यावर आपटून विखुरतो आणि भांड्याला जेड रत्नासारखी मऊ चमक येते.

जुनं म्हणजे महाग, हा मात्र गैरसमज. लाँगछ्वानचा माल जहाजं भरभरून परदेशी जाई. १३२३च्या सुमारास कोरियाच्या सिनान किनाऱ्याजवळ बुडालेल्या एका जहाजातून वीस हजारांहून अधिक मातीची भांडी मिळाली, त्यांत सेलाडॉनचाच भरणा जास्त. याउलट हेनानमधल्या ‘रू’ भट्ट्यांची भांडी जगात शंभरही उरलेली नाहीत. त्यांतलं कुंचले धुण्याचं १३ सेंटिमीटरचं एक पसरट भांडं २०१७मध्ये हाँगकाँगच्या लिलावात २९ कोटी हाँगकाँग डॉलरांहून अधिक किमतीला गेलं. नकला होणारच!

जाणकार आधी भांडं उलटं करतो. लाँगछ्वानच्या बुडाची झिलईविना राहिलेली कडा भट्टी निवताना पुन्हा हवा लागून विटकरी झालेली असते. नकलेत हा रंग बऱ्याचदा वरून फासलेला असतो. झिलईतल्या तड्यांच्या जाळीवर फार विसंबू नये. निवताना झिलई आतल्या मातीपेक्षा जास्त आकसली की तडे पडतात. ते आजही मुद्दाम पाडता येतात, चहाच्या पाण्यात मुरवून जुनाटही करता येतात.

प्रयोगशाळेत तापदीप्ती चाचणी होते. मातीतल्या क्वार्ट्‌झसारख्या स्फटिकांत नैसर्गिक किरणोत्साराची ऊर्जा वर्षानुवर्षं साठत जाते. भट्टीच्या उष्णतेत हा साठा शून्यावर येतो आणि तिथून पुन्हा मोजणी सुरू होते. खरवडून काढलेली चिमूटभर माती तापवली की साठलेली ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर पडते. प्रकाश जितका जास्त, तितकी भाजणी जुनी. उत्तर मात्र ढोबळच येतं, हजार वर्षांत दोनशे इकडे किंवा तिकडे. शतकं ओळखायला ते पुरत नाही, पण कालपरवाची नक्कल लगेच उघडी पडते.

नकलाकारांनी यावरही तोड काढली आहे. नमुना सहसा बुडातून घेतात, म्हणून ते अस्सल फुटक्या भांड्याचं बूड नव्या अंगाला जोडतात. कुणी भांड्यावर कृत्रिम किरणांचा मारा करून ते ‘म्हातारं’ करतं. मोठी रक्कम मोजण्याआधी दुसरा नमुना वरच्या भागातून घ्यायला लावणं म्हणूनच बरं. विक्रेता ‘भांड्याला भोक पडेल’ म्हणून कुरकुरेल. कुरकुरू द्यावं.