इन्फ्ल्युएंझा विषाणूंतील जनुकीय पुनर्मिश्रण

इन्फ्ल्युएंझा विषाणूंतील जनुकीय पुनर्मिश्रण : इन्फ्ल्युएंझाच्या (फ्लूच्या) एकाच गटातील दोन भिन्न वाणांचे विषाणू एकाच पेशीत शिरले असता त्यांच्या जनुकखंडांची अदलाबदल होऊन नवा वाण निर्माण होण्याची क्रिया. पुनर्मिश्रण आणि उत्परिवर्तन या दोन क्रियांचा विषाणूच्या प्रसारक्षमतेशी असलेला संबंध येथे बेळगाव सीमाभागाच्या, म्हणजे बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी व त्यांना लागून असलेल्या चंदगड, गडहिंग्लज, कागल या तालुक्यांच्या संदर्भात दिला आहे.

इन्फ्ल्युएंझा ‘ए’ विषाणूचा जनुकसंच सलग नसतो. सुमारे १३,५०० न्यूक्लिओटाइडांचा आरएनए ८ सुट्या खंडांत विभागलेला असतो. दोन वाण एका पेशीत एकत्र आले, तर तत्त्वतः २५६ जुळण्या संभवतात. प्रत्यक्षात बहुतेक जुळण्या टिकत नाहीत, कारण एका वाणाचे प्रथिन दुसऱ्याच्या प्रथिनाशी नीट काम करतेच असे नाही. ‘ए’ आणि ‘बी’ या गटांमध्ये असे पुनर्मिश्रण होत नाही. वाणांना एच१एन१, एच३एन२ अशी नावे हीमॅग्लुटिनिन व न्यूरामिनिडेज या पृष्ठभागावरील दोन प्रथिनांवरून दिली जातात. उरलेल्या सहा खंडांचा नावात उल्लेख नसतो, त्यामुळे एकाच नावाखाली बरेच वेगळे विषाणू वावरत असतात. वृत्तपत्रे वाचताना हे ध्यानात ठेवणे बरे.

उत्परिवर्तनाची गती मंद पण अखंड असते. आरएनएची नक्कल करणाऱ्या विकराला (एन्झाइमला) चूक दुरुस्त करता येत नाही, म्हणून दर पिढीत किरकोळ बदल साचत जातात व जुन्या प्रतिपिंडांना विषाणू ओळखू येईनासा होतो. याला प्रतिजनी विचलन म्हणतात. पुनर्मिश्रणाने हीमॅग्लुटिनिनच बदलले, तर प्रतिजनी पालट घडतो आणि बहुसंख्य लोकांकडे त्याविरुद्ध प्रतिकारशक्ती नसते. १९५७ च्या जागतिक साथीतील एच२एन२ मध्ये तीन आणि १९६८ च्या एच३एन२ मध्ये दोन खंड पक्ष्यांच्या विषाणूंतून आले होते, बाकीचे आधीच्या मानवी विषाणूचे होते. २००९ च्या जागतिक साथीचा एच१एन१ अधिक गुंतागुंतीचा आहे. त्याचे सहा खंड उत्तर अमेरिकेतील डुकरांमधल्या, आधीच मिश्र असलेल्या विषाणूचे, तर दोन यूरेशियातील डुकरांमधले आहेत.

१९१८ च्या जागतिक साथीच्या विषाणूच्या उगमाबद्दल मात्र एकमत नाही. अलास्कातील ब्रेव्हिग मिशन येथे गोठलेल्या जमिनीत पुरलेल्या मृतदेहांच्या फुप्फुसांतून आणि जतन केलेल्या वैद्यकीय नमुन्यांतून त्याचे जनुक मिळवण्यात आले व २००५ मध्ये संपूर्ण क्रम प्रसिद्ध झाला. संशोधक टाउबेनबर्गर व त्यांच्या सहकाऱ्यांच्या मते हा विषाणू पक्ष्यांतील विषाणूंशी इतका मिळताजुळता होता, की तो जवळपास जसाच्या तसा माणसात उतरला असावा. २००९ मध्ये दुसऱ्या एका गटाने वंशवृक्षाच्या आधारे असे मांडले, की त्याचे खंड वेगवेगळ्या वेळी, काही वर्षे अगोदरपासून, सस्तन प्राण्यांत आले असावेत. २०१४ मध्ये वोरोबी व सहकाऱ्यांनी असा निष्कर्ष काढला, की एच१ हा खंड १९१८ च्या दहाएक वर्षे आधीपासून माणसांत असावा व त्याला पुढे पक्ष्यांच्या विषाणूंचे अन्य खंड जोडले गेले. या मताने एका जुन्या कोड्याचाही उलगडा होतो : १९१८ मध्ये वृद्धांपेक्षा २० ते ४० वयाची माणसे प्रमाणाबाहेर का दगावली? १८८९ च्या जागतिक साथीच्या सुमारास जन्मलेल्यांना बालपणी वेगळ्याच उपप्रकाराची (बहुधा एच३ची) लागण झाली असेल, तर एच१ विरुद्ध त्यांची प्रतिकारशक्ती कमी पडली असणार. १८८९ ची साथ इन्फ्ल्युएंझाची नव्हतीच, करोना विषाणूची होती, असाही एक तर्क आहे. उपलब्ध पुराव्याशी १९१८ च्या उगमाबद्दलचे तिसरे, म्हणजे वोरोबी यांचे मत अधिक जुळते, तरी १९१८ पूर्वीचा एकही मानवी इन्फ्ल्युएंझा विषाणू हाती नसल्याने हा वाद मिटणे कठीण दिसते.

बेळगाव जिल्हा त्या वेळी मुंबई इलाख्याच्या दक्षिण विभागात होता. जून १९१८ मध्ये मुंबई बंदरात आलेली पहिली लाट सौम्य होती. सप्टेंबरपासूनची दुसरी लाट लोहमार्गाने आत शिरली. पुणे–मिरज–बेळगाव–लोंढा हा मार्ग तेव्हा चालू होता आणि बेळगावात लष्करी छावणी होती. मराठी मुलखात या तापाला ‘मानमोडी’ म्हणत. त्याच वर्षी पाऊस फार कमी पडला होता. एकट्या मुंबई इलाख्यात दहा लाखांवर माणसे मेली असे मानले जाते, तर देशभरातील बळींचे अंदाज १ कोटी २० लाखांपासून २ कोटींपर्यंत जातात. १९११–२१ हे दशक भारताच्या जनगणनेत लोकसंख्या घटलेले एकमेव दशक ठरले. खेडोपाडी मृत्यूची नोंद पाटील-कुलकर्ण्यांच्या हाती असे व तीत नुसता ‘ताप’ लिहिण्याची प्रथा होती, म्हणून जिल्हावार आकड्यांवर फार भार टाकू नये.

प्रसारक्षमता हा निव्वळ जनुकांचा गुण नाही. पक्ष्यांच्या विषाणूला माणसात टिकण्यासाठी तीन अडथळे ओलांडावे लागतात : माणसाच्या वरच्या श्वासमार्गातील ग्राहींना (पेशींवरील विषाणू चिकटण्याच्या जागांना) चिकटणे, पक्ष्याच्या आतड्यापेक्षा बऱ्याच थंड अशा नाकात आपली नक्कल करणे आणि हवेतील थेंबात शाबूत राहणे. यातील एकच साधले, तर एखादा माणूस आजारी पडतो, पण साखळी पुढे जात नाही. मेळघाटातील एका बालकात २०१९ मध्ये भारतातील पहिली एच९एन२ लागण आढळली, ती तिथेच थांबली. साथ पसरण्याची क्षमता मूळ पुनरुत्पादन अंकाने (एक रुग्ण सरासरी किती जणांना लागण देतो त्या आकड्याने) मोजतात. १९१८ साठी तो सुमारे १.८, २००९ साठी सुमारे १.५ आणि दरवर्षीच्या फ्लूसाठी १.३ च्या आसपास धरला जातो. हे आकडे लोकांच्या आधीच्या प्रतिकारशक्तीवर आणि त्यांच्या परस्परसंपर्कावर अवलंबून असतात, हे पुष्कळदा विसरले जाते. २००७–०९ दरम्यान ओसेल्टामिव्हिर या फ्लूवरील औषधाला न जुमानणारा एच१एन१ जगभर पसरला. प्रतिरोध देणारे उत्परिवर्तन विषाणूला दुबळे करते असा आधी समज होता. इतर बदलांनी ती उणीव भरून निघाली होती.

डुकराच्या श्वासमार्गात पक्ष्यांच्या आणि माणसांच्या अशा दोन्ही विषाणूंचे ग्राही असतात, म्हणून पुनर्मिश्रण मुख्यतः तिथे होते, असे पाठ्यपुस्तके सांगत आली आहेत. डुकरातील ग्राहींची मांडणी माणसापेक्षा फारशी वेगळी नाही असे नंतर दिसून आले आणि लावे व कोंबड्यांकडेही लक्ष गेले. सीमाभागात पाहण्यासारखी जागा म्हणजे आठवडी बाजारातील कोंबडीचे दुकान. तारेच्या पिंजऱ्यात ब्रॉयलर, खाली डालग्यात गावठी कोंबड्या, बाजूला एखादे बदक, आणि सगळ्यांच्या विष्ठेचा एकच ओघळ. सोलणारा त्याच ओल्या हाताने सुटे पैसे देतो. रानपक्ष्यांचा संबंध याहून दूरचा आहे. गोकाक तालुक्यातील घटप्रभा पक्षी अभयारण्यात (धुपदाळ) हिवाळ्यात करकोचे व पांढरे बलाक येतात. पाणपक्षी हे ‘ए’ विषाणूंचे नैसर्गिक भांडार असले, तरी तिथून परसातल्या कोंबडीपर्यंतचा मार्ग बहुधा बदकांतून जातो.

भारतात बर्ड फ्लूची (एच५एन१) पहिली साथ फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे झाली. कर्नाटकात ऑक्टोबर २०१२ मध्ये बेंगळुरूजवळील हेसरघट्टा येथील सरकारी कुक्कुटकेंद्रात तो आढळला. अशा वेळी बाधित जागेभोवती १ किमी.पर्यंतचे पक्षी मारतात व १० किमी.पर्यंत पाळत ठेवतात. निपाणी–कागल पट्ट्यात असे वर्तुळ काढले, तर त्यात दोन राज्ये येतात आणि दोन पशुसंवर्धन खात्यांची परिपत्रके दोन भाषांत निघतात. हीच अडचण माणसांच्या नोंदींचीही आहे. चंदगडचा रुग्ण बेळगावच्या इस्पितळात दाखल होतो, त्याचे गाव एका राज्याच्या यादीत आणि उपचार दुसऱ्याच्या. पुनर्मिश्रित वाण ओळखायचा तर नुसता ‘फ्लू पॉझिटिव्ह’ शेरा पुरत नाही, आठही खंडांचा क्रम वाचावा लागतो. २०२१ मध्ये करोनाच्या साथीत राज्यांच्या सीमेवरील कोगनोळी नाक्यावर ज्या आरटीपीसीआर चाचणीचे प्रमाणपत्र मागत, त्या जातीची चाचणी विषाणू आहे की नाही व त्याचा उपप्रकार कोणता एवढेच सांगते. माणसांचे नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेकडे, तर पक्ष्यांचे भोपाळच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेकडे पाठवतात.

मार्च २०२४ मध्ये अमेरिकेतील दुभत्या गायींत एच५एन१ आढळला. तो वाणही रानपक्ष्यांतील पुनर्मिश्रणातून झालेला होता. त्याची माणसामाणसांत साखळी सिद्ध झालेली नाही. पाश्चरीकरणाने हा विषाणू निष्क्रिय होतो. घरी दूध नीट उकळले, तरी तोच परिणाम होतो.

पश्चिम भारतात फ्लूचा जोर पावसाळ्यात (जुलै–सप्टेंबर) व पुन्हा जानेवारी–मार्चमध्ये दिसतो. यातील दुसऱ्या काळात सीमाभागात ऊसतोडीचा हंगाम चालू असतो. टोळ्या कोपींतून दाटीने राहतात, एकाचा खोकला सगळ्या फडाला होतो. मार्गशीर्ष पौर्णिमेची सौंदत्तीच्या यल्लम्माची यात्रा त्याच्या थोडी आधी येते. लसीतील वाण जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा ठरवते. ‘बी’ गटातील यामागाता वंश मार्च २०२० नंतर निःसंशयपणे आढळलेला नसल्याने आता तीन वाणांची लस पुरेशी मानली जाते.