सुरक्षा कॅमेरा व तिऱ्हाईत सॉफ्टवेअर : जोडणीतील दोषनिवारण

सुरक्षा कॅमेऱ्याचे चित्र उत्पादक कंपनीच्या स्वतःच्या ॲपऐवजी दुसऱ्याच कोणाच्या सॉफ्टवेअरमध्ये आणताना जे अडथळे येतात, ते हुडकून काढण्याची रीत. ब्लू आयरिस, झोनमाइंडर, फ्रिगेट, माइलस्टोन ही अशा सॉफ्टवेअरची परिचित नावे. नाशिकमध्ये ही गरज बहुधा मिसळ मालामुळे पडते. सातपूर किंवा अंबडच्या एखाद्या कारखान्यात गेटवर जुना डीव्हीआर (जुन्या कॅमेऱ्यांचे चित्र साठवणारी पेटी) आणि टीव्हीच्या केबलसारखी कोॲक्सची वायर असते, शॉप फ्लोअरवर नंतर बसवलेले आयपी कॅमेरे, म्हणजे नेटवर्कवर चालणारे, वेगळ्या कंपनीचे असतात आणि ऑफिसात कोणीतरी ऑनलाइन मागवलेला वाय-फाय कॅमेरा असतो. मालकाला हे सगळे एकाच पडद्यावर हवे असते. कॅमेरे बसवणारा मात्र एवढ्यावर हात झटकतो : ‘‘साहेब, मोबाइलवर दिसतंय ना? मग कॅमेरा ओके आहे. तुमच्या सॉफ्टवेअरचा प्रॉब्लेम आहे.’’

या युक्तिवादाचा पहिला भाग खरा आहे, दुसरा त्यातून निघत नाही. मोबाइल ॲप बहुतेक वेळा कॅमेऱ्याशी थेट बोलत नाही. कॅमेरा इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरला हजेरी देतो आणि ॲप त्याच्या अनुक्रमांकावरून त्याला तिथे गाठते. तिऱ्हाईत सॉफ्टवेअरला ती वाट मोकळी नसते. त्याला जागेवरच्या नेटवर्कमधून, आयपी पत्त्याने (नेटवर्कमधील त्याच्या क्रमांकाने), कॅमेऱ्याचे दार ठोठवावे लागते. म्हणजे मोबाइलवरचे चित्र एवढेच सांगते की कॅमेऱ्याला वीज आहे, त्याला इंटरनेट मिळते आणि भिंग शाबूत आहे. ते दार उघडे आहे की नाही, याबद्दल ते काहीच सांगत नाही.

या दारासाठी दोन भाषा रूढ आहेत. आरटीएसपी हा चित्रप्रवाह मागण्याचा नियमसंच १९९८ साली प्रसिद्ध झाला. त्याचे नेहमीचे पोर्ट, म्हणजे उपकरणावरील दाराचा क्रमांक, ५५४. ऑनव्हिफ ही संस्था ॲक्सिस, बॉश आणि सोनी यांनी २००८ मध्ये स्थापन केली. वेगवेगळ्या कंपन्यांच्या उपकरणांनी एकमेकांना ओळखावे, हा तिचा हेतू. ऑनव्हिफमधून कॅमेरा सापडतो, त्याची माहिती आणि प्रवाहाचा पत्ता मिळतो. प्रत्यक्ष चित्र त्यानंतर सहसा आरटीएसपीवरूनच येते. खोक्यावर ‘ऑनव्हिफ’ छापलेले असले म्हणजे ते चालू असेलच असे नाही. हिकव्हिजन या कंपनीच्या अलीकडच्या कॅमेऱ्यांत ते मुळात बंद असते. सेटिंगमध्ये जाऊन ते चालू करावे लागते आणि त्यासाठी वेगळा वापरकर्ताही तयार करावा लागतो. टॅपोच्या कॅमेऱ्यांतही ॲपचे खाते इथे चालत नाही. ॲपमधूनच ‘कॅमेरा अकाउंट’ नावाचे दुसरे खाते काढावे लागते. काही स्वस्त कॅमेऱ्यांत ही दोन्ही दारे नसतातच. तिथे वेळ घालवू नये.

सॉफ्टवेअरच्या शोधयादीत कॅमेरा येत नसेल, तर तो मेला असे समजायचे कारण नाही. ऑनव्हिफचा शोध हा एकाच नेटवर्कपुरता दिलेला पुकारा असतो. राउटर ओलांडून तो सहसा पलीकडे जात नाही. कारखान्यात एका राउटरला दुसरा राउटर लावलेला असला, की कॅमेरे एका आळीत आणि संगणक दुसऱ्या आळीत, अशी गत होते. एनव्हीआरच्या (आयपी कॅमेऱ्यांचे चित्र साठवणाऱ्या पेटीच्या) पाठीमागच्या पीओई पोर्टांत, म्हणजे एकाच वायरीतून वीज आणि नेटवर्क देणाऱ्या खाचांत, लावलेले कॅमेरे तर एनव्हीआरच्या खासगी नेटवर्कमध्ये राहतात. ते ऑफिसच्या संगणकाला थेट दिसत नाहीत. त्यांचे चित्र एनव्हीआरकडेच मागावे लागते. पत्ता बदलणे हे दुखणे मात्र सर्वांत नेहमीचे. लाइट जाऊन आली, की राउटर आणि कॅमेरे एकदम उठतात, राउटर पत्ते नव्याने वाटतो, आणि काल २१ क्रमांकावर असलेला गेटचा कॅमेरा आज २४ वर जाऊन बसतो. ॲपला हा बदल जाणवतही नाही, कारण ते अनुक्रमांकावर चालते. पत्ता कॅमेऱ्यात कायम करणे किंवा राउटरमध्ये राखून ठेवणे, हा यावरचा इलाज.

पत्ता बरोबर, पासवर्ड बरोबर, तरीही सॉफ्टवेअर ‘अनधिकृत’ म्हणून परत पाठवते. या एका तक्रारीमागे तीन निरनिराळी कारणे निघतात. पहिले, पासवर्डातील चिन्हे. आरटीएसपीच्या पत्त्यात नाव आणि पासवर्ड यांच्यानंतर @ हे चिन्ह विभाजक म्हणून येते. पासवर्डातच @ असेल, तर सॉफ्टवेअर भलत्याच ठिकाणी तोडते. तिथे @ ऐवजी टक्के-चिन्ह आणि ४० लिहावे लागते, किंवा सरळ साधा पण लांब पासवर्ड ठेवावा. दुसरे, कुलूप. पासवर्ड बदलल्यावर सॉफ्टवेअर जुनाच पासवर्ड दर काही सेकंदांनी पाठवत राहते. कॅमेरा त्याला हल्ला समजून त्या संगणकाला काही काळ बंदी घालतो. मग माणसाने बसून योग्य पासवर्ड टाकला तरी नकारच येतो. सॉफ्टवेअर बंद करून अर्धा तास थांबले, की काम होते.

तिसरे कारण घड्याळाचे, आणि ते भल्याभल्यांना चकवते. ऑनव्हिफच्या प्रचलित ओळख-पद्धतीत पासवर्डाबरोबर जागतिक वेळेचा शिक्का जातो. कॅमेऱ्याच्या आणि संगणकाच्या वेळेत फार अंतर असेल, तर शिळा शिक्का म्हणून विनंती फेटाळली जाते. चिनी बनावटीच्या अनेक कॅमेऱ्यांत मूळ कालविभाग बीजिंगचा, म्हणजे जागतिक वेळेच्या आठ तास पुढचा असतो. बसवणारा कालविभाग तसाच ठेवून नाशिकची वेळ हाताने टाकतो. पडद्यावर वेळ अचूक दिसते. पण कॅमेरा त्यातून साडेपाचऐवजी आठ तास वजा करतो, आणि त्याच्या हिशेबी जागतिक वेळ अडीच तास मागे पडते. घड्याळ डोळ्यांसमोर बरोबर असताना चुकीचे असण्याचा हा प्रकार आहे. कालविभाग साडेपाच करून वेळ पुन्हा लावली, की तोच पासवर्ड चालतो.

संशय कॅमेऱ्यावर घ्यावा की सॉफ्टवेअरवर, हे ठरवायला व्हीएलसी हा फुकटचा प्लेअर पुरतो. त्यात आरटीएसपीचा पूर्ण पत्ता टाकून चित्र आले, तर कॅमेरा निर्दोष. हिकव्हिजनच्या पत्त्यात शेवटी चॅनल आणि प्रवाह एकत्र येतात : १०१ म्हणजे पहिल्या चॅनलचा (कॅमेऱ्याचा) मुख्य, पूर्ण दर्जाचा प्रवाह, ५०२ म्हणजे पाचव्याचा दुय्यम, हलका प्रवाह. दहुआ या कंपनीच्या कॅमेऱ्यांमध्ये चॅनल वेगळा लिहितात आणि प्रवाहासाठी ० किंवा १ देतात. चित्र येते पण फाटते, राखाडी होते, तुकडे पडतात, अशी स्थिती वाय-फायवर असेल, तर सॉफ्टवेअरमध्ये यूडीपीऐवजी टीसीपी (हरवलेले तुकडे पुन्हा मागवणारी पद्धत) निवडून पाहावे.

व्हीएलसीत चित्र, सॉफ्टवेअरमध्ये काळा पडदा, असे झाले तर एच.२६५ कडे बघावे. चित्र आकसून पाठवण्याची २०१३ ची ही संकेतनपद्धती जागा वाचवते. पण जुने संगणक तिच्याखाली दमतात आणि काही सॉफ्टवेअर ती घेतच नाहीत. नावापुढे अधिकचिन्ह असलेले ‘स्मार्ट’ प्रकार आणखी त्रासदायक, कारण त्यांत पूर्ण चौकटी (फक्त बदल नव्हे, तर सगळे चित्र असलेल्या फ्रेम) फार अंतराने येतात आणि सॉफ्टवेअर पुढच्या पूर्ण चौकटीची वाट बघत बसते. एच.२६४ लावावे, ‘स्मार्ट’ बंद करावे. थेट दृश्यासाठी दुय्यम प्रवाह, रेकॉर्डिंगसाठी मुख्य.

कॅमेरा दिवसभर नीट चालतो आणि अंधार पडला की जातो, ही खूण वीजपुरवठ्याची. रात्री इन्फ्रारेड दिवे लागले की वीज जास्त लागते. लांब, हलक्या वायरीवर व्होल्टेज पडते आणि कॅमेरा पुनःपुन्हा सुरू होतो. नेटवर्क वायरीची मर्यादा १०० मीटर धरतात. तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या वायरीवर तेवढीही भिस्त ठेवता येत नाही. पावसाळ्यात जोडावर चढणारा हिरवा गंज वेगळाच.

दिंडोरी, निफाड भागातल्या द्राक्षबागा आणि कांदाचाळी यांचा प्रश्न निराळा. तिथे इंटरनेट सिमकार्डावर चालते, आणि मोबाइल कंपन्या एकच सार्वजनिक पत्ता असंख्य ग्राहकांत वाटतात. त्यामुळे राउटरमध्ये कितीही पोर्ट उघडले तरी घरच्या संगणकावरून बागेतल्या कॅमेऱ्यापर्यंत पोहोचता येत नाही. दोन्हीकडे व्हीपीएन (इंटरनेटवरून दोन जागा जोडणारी खासगी वाट) बसवावे लागते. जिथे पोर्ट उघडता येते, तिथेही ते उघडू नये : २०१६ मधील मिराई या घातक सॉफ्टवेअरच्या प्रकरणात कारखान्यातून आलेले पासवर्ड तसेच ठेवलेले कॅमेरे आणि डीव्हीआर मोठ्या संख्येने ताब्यात घेऊन हल्ल्यांसाठी वापरले गेले. भारतात ९ एप्रिल २०२५ पासून नव्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षाविषयक चाचण्या सक्तीच्या झाल्या आहेत. आधीपासून भिंतीवर असलेल्यांचे पासवर्ड मालकालाच बघावे लागतात.

अनेकदा ते मालकाला ठाऊकच नसतात. कॅमेरेवाला बदलला, की पासवर्ड त्याच्याबरोबर जातो आणि वरची सगळी तपासणी पहिल्याच पायरीवर अडते. काही कॅमेऱ्यांत झाकणाखाली रिसेटचे बटण असते; बाकीच्यांसाठी उपकरणातून निघणारी फाइल किंवा कोड कंपनीच्या सेवाकेंद्राकडे पाठवून उत्तराची वाट पाहावी लागते.