कपाळावरचं अक्षर आणि महिन्याचं टार्गेट

वर बसलेल्याला खालच्यांचं दुःख दिसत नाही, ते सत्तेमुळे की हावेमुळे? आधी सत्तेचं बघू. मार्कर घ्या आणि स्वतःच्या कपाळावर इंग्रजीतलं मोठं 'ई' काढा. ते समोरच्याला सरळ दिसतं की फक्त तुमच्या बाजूनं सरळ आहे? मानसशास्त्रज्ञ अ‍ॅडम गॅलिन्स्की आणि सहकाऱ्यांनी २००६ साली छापलेला हा प्रयोग. आधी एका गटाला दुसऱ्यावर आपली सत्ता चालली असा प्रसंग लिहायला सांगितला, दुसऱ्या गटाला आपल्यावर दुसऱ्याची चालली असा. पहिल्या गटातल्या ३३ टक्क्यांनी अक्षर स्वतःच्या बाजूनं काढलं, दुसऱ्यातल्या १२ टक्क्यांनी. (मराठीत करून बघायचं तर 'ग' घ्या. 'ठ' नको, तो दोन्हीकडून ठच.)

प्रयोग छोटा होता, पण त्यात सत्ता होती तीही चार ओळी लिहिण्यापुरती. कायमच्या खुर्चीचं काय होत असेल?

नागपुरात मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो. शहराला लागून असलेल्या वाडी गावातल्या गोदामातून निघालेला पोरगा डोक्याला दुपट्टा गुंडाळून दुपारी दोनला पार्सल पोचवतो. त्याचं टार्गेट ठरतं एसीत. गार बसलेल्याला तापलेल्या अंगाचा अंदाज कमीच येतो. मानसशास्त्रात याला सहानुभूतीतली दरी म्हणतात. उपाय साधा आहे. टार्गेट ठरवणाऱ्यानं आधी एक दिवस १२ ते ४ तोच रूट, तीच गाडी, तेवढीच पार्सलं न्यावीत. मात्र न सांगता. 'साहेब येणार' कळलं की सुपरवायझर सावलीतला रूट देतो, मागून कार पाठवतो, आणि मग त्या दिवसाचा काही उपयोग नाही.

हाव मात्र वेगळी चीज आहे. ती माणसापेक्षा आकड्यात जास्त राहते. अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेत एका ग्राहकाला आठ योजना विकायचा धोशा होता. कर्मचाऱ्यांनी ग्राहकांना न विचारताच खाती उघडली. २०१६ मध्ये १८.५ कोटी डॉलरचा दंड बसला. सुमारे ५,३०० जणांच्या नोकऱ्या गेल्याचं तेव्हा बाहेर आलं, त्यातले बहुतेक खालचे.

म्हणून विक्रीच्या प्रत्येक आकड्याला एक उलटा आकडा बांधा: विकलेल्यांपैकी ९० दिवसांत किती रद्द झाले. निम्मा इन्सेन्टिव्ह तोवर रोखून ठेवा. आणि हा आकडा विक्रीच्या मॅनेजरनं नाही, हिशेब विभागानं काढायचा. तक्रारीचा फोन त्याच मॅनेजरच्या टेबलावर वाजत असेल, तर रद्द झालेल्यांच्या रकान्यात दर महिन्याला शून्यच दिसेल.